कॅमेरा राहू द्या, पण घरीही जा

२९ नोव्हेंबर १९७० हा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार होता. त्या दिवशी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्चचे समुदाय) एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बरोबर पन्नास वर्षांनी, २०२० साली, २९ नोव्हेंबर पुन्हा आगमनाच्या पहिल्याच रविवारी आला. कोरोनामुळे बंद झालेली महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडून तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, सरकारने परवानगी दिली होती. पण ६५च्या पुढच्यांनी आणि १० वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावं, ही सूचना होतीच. आता हिशेब करा. १९७० साली जो पंधरा वर्षांचा होता, ज्याला ते ऐक्य पुढे आठवेल एवढं कळत होतं, तो २०२० साली पासष्टीला टेकला. म्हणजे सुवर्णमहोत्सवाचे खरे साक्षीदार होते त्यांनाच ‘तुम्ही नका येऊ, ऑनलाइन उपासनेची लिंक पाठवतो’ असं सांगायची पाळी आली.

त्या वेळी ते बरोबरच होतं. माझी तक्रार त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. साथ ओसरली, दारं उघडली, मग दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली, ७ ऑक्टोबर २०२१ला घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. धडधाकट माणसं आपापल्या बाकावर जाऊन बसली. आणि ऑनलाइन उपासनेचं काय करायचं हा प्रश्न मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या बैठकीत ‘इतर विषय’ या सदराखाली जाऊन पडला. बैठकीत अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय असतात ना, तिथे. काही मंडळ्यांनी कॅमेरा गुपचूप बंद केला. काहींनी तो मागच्या खांबाला बांधून ठेवला आहे. दर रविवारी कुणीतरी तरुण मुलगा येऊन बटण दाबतो आणि विसरून जातो. पलीकडे कोण बघतंय, कुणी बघतंय का, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं: ऑनलाइन उपासना बंद करू नये, पण तिला चर्चमधल्या उपासनेची जुळी बहीणही समजू नये. ती आहे येऊ न शकणाऱ्यांसाठी, आणि तिच्यामुळे त्यांच्या घरी जाण्याची मंडळीची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. पडद्याला काय पेलतं आणि काय पेलत नाही, हे वर्षाच्या ज्या काळात सगळ्यात स्वच्छ दिसतं, तो काळ म्हणजे कापणीच्या सणापासून नाताळच्या आदल्या रविवारपर्यंतचा.

आधी बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकू. ते वेडे नाहीत. त्यांचा पहिला मुद्दा शास्त्राचा आहे: बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्रा’त एकत्र मिळणं सोडू नका असं स्पष्ट सांगितलंय. योहानाचं दुसरं पत्र तर इतकं छोटं आहे की एका पानात मावतं, आणि त्याच्या शेवटी लिहिणारा म्हणतो की सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते कागद-शाईने नको, समोरासमोर भेटून बोलू. पहिल्या शतकातल्या माणसालाही माध्यमाची मर्यादा कळत होती. दुसरा मुद्दा सवयीचा. बिछान्यात लोळत, चहाचा कप हातात, मध्येच कुकरची शिट्टी, संदेश (पाळकांचं म्हणजे पास्टरचं प्रवचन) लांबला की पुढे सरकवायचा, दानार्पणाच्या वेळी फोन नेमका गरम होतो. याला उपासना म्हणायचं की रविवारचा कार्यक्रम? आमच्या मंडळीतले एक काका म्हणतात, ‘पांढरा सदरा घालून बाहेर पडलो की निम्मी उपासना रस्त्यातच होते.’ ते खरं आहे. तयार होणं, चालणं, वाटेत कुणाला तरी ‘जय ख्रिस्त’ म्हणणं, बाकावर सरकून जागा करून देणं हे उपासनेच्या छापील क्रमात कुठे नसतं, पण त्याशिवाय मंडळी नावाची गोष्ट उभीच राहत नाही.

आणि गाणं. मराठी ख्रिस्ती माणसाला उपासनेतून गाणं काढून दिलं तर मागे सूचनाच उरतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मंडळीच्या तोंडी आपल्या मातीची चाल दिली, भजन-कीर्तन चर्चच्या आत आणलं. पेटी, तबला, टाळ आणि सगळ्यांचा मिळून निघणारा, थोडा बेसूर, पण भरलेला आवाज. आता हा आवाज झूमवर काढून पाहा. एकत्र गाणाऱ्यांच्या कानात आवाज पोचायला २५-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की ताल सुटायला लागतो. इंटरनेटवरून येणाऱ्या आवाजाला त्याच्या कितीतरी पट उशीर होतो. त्यात हे ॲप मुळात बैठकीसाठी बनवलेलं. एका वेळी एकाने बोलावं अशी त्याची समजूत. पन्नास जण एकदम गायला लागले तर ते सर्वांत मोठ्या आवाजाला उचलतं आणि बाकीचे आवाज दाबून टाकतं. मग पहिल्याच आठवड्यात फर्मान निघतं: सगळ्यांनी आपापला माइक बंद ठेवावा. एक जण गातो, बाकीचे आपापल्या खोलीत त्याच्याबरोबर पुटपुटतात, आणि कुणाचाच आवाज कुणालाच ऐकू येत नाही. ज्या मंडळ्यांनी २०२० साली हा प्रकार केला त्यांना विचारा, लोकांनी सगळ्यात जास्त कशाची आठवण काढली. संदेशाची नाही. (पाळकसाहेबांनी माफ करावं.)

गाण्याचा धोकाही खोटा नव्हता, हे इथेच सांगून टाकतो, कारण अजूनही काही जण ‘उगाच घाबरवलं’ म्हणतात. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली इथल्या गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यांतल्या ५३ जणांना कोरोना झाल्याचं सिद्ध झालं किंवा मानलं गेलं आणि दोघे दगावले. केंद्र सरकारने जूनमध्ये प्रार्थनास्थळांसाठी नियम काढले तेव्हा गायकवृंद नको, ध्वनिमुद्रित गाणी लावा, असं लिहिलं होतं ते उगाच नाही. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात बार आणि हॉटेलं उघडली आणि प्रार्थनास्थळं मात्र बंदच राहिली, त्यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रापत्री झाली, आंदोलनं झाली. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी देवाचं नाव घेतलं गेलं, आणि दोन्ही बाजूंचं लक्ष देवापेक्षा इतरत्र होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता कापणीचा सण. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: पावसाळा सरला, बाजरी-सोयाबीन घरात आलं की आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांत हार्वेस्ट फेस्टिव्हल होतो. लोक धान्य, भाज्या, अंडी, कोंबड्या, घरचे लाडू, लोणची घेऊन येतात. वेदीपुढे ढीग लागतो. उपासना संपली की अंगणात लिलाव. लिलाव पुकारणारा एक ठरलेला माणूस असतो, त्याला गावातल्या सगळ्यांची सोयरीक, उधारी आणि फुशारकी तोंडपाठ असते. पन्नास रुपयांचा भोपळा हजाराला जातो. घेणारा तो परत देतो, पुन्हा बोली लागते, भोपळा तीनदा विकला जातो आणि शेवटी पाळकांच्याच घरी शिजतो. कोंबडी सुटून बायकांच्या बाजूला पळते. त्या दिवशी मंडळीच्या तिजोरीत पैसे येतात ही गोष्ट खरी, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्याच्याकडे रोख पैसा नाही त्यालाही त्या दिवशी ताठ मानेने देता येतं. भूमिहीन बाई चार अंडी आणते. ती चार अंडी त्या ढिगात बागायतदाराच्या पोत्याशेजारी असतात.

२०२० साली हा सण व्हॉट्सॲपवर झाला. म्हणजे काही ठिकाणी झाला. भोपळ्याचा फोटो, खाली बोली, शेवटी ‘क्यूआर कोडवर पाठवा’. हेतू चांगला होता, पैसेही आले असतील. पण फोनने एक गोष्ट न सांगता केली: त्याने सगळ्या दानाचा पैसा करून टाकला. अंडी क्यूआर कोडवर जात नाहीत. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला अतिवृष्टीने राज्यातल्या कितीतरी जिल्ह्यांत काढायला आलेलं पीक पाण्यात गेलं होतं. ज्या शेतकऱ्याच्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, त्याच्यासाठी आभाराच्या सणाचा अर्थ काय, हा प्रश्न अंगणात उभं राहून एकमेकांच्या डोळ्यांत बघत विचारायचा होता. तो ग्रुपवर विचारता आला नाही. दोन हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि विषय संपला.

२ नोव्हेंबर, सर्व आत्म्यांचा म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस, याबद्दल थोडकंच लिहितो. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. बाकीच्यांनी आपली माणसं फोनवर पुरली. मुलगा अबुधाबीत आणि आईची पेटी उतरताना कुणाच्या तरी थरथरत्या हातातल्या फोनवर दिसतेय, असं बघितलेली घरं प्रत्येक मंडळीत आहेत. ‘ऑनलाइनला काही अर्थ नाही’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी त्या मुलासमोर हे वाक्य बोलून दाखवावं.

म्हणूनच मी बंद करा या बाजूला जात नाही. रविवारी चर्चला न येणारे सगळे आळशी असतात हा समज धडधाकट माणसांचा. आपल्या समाजाचा इतिहास पाहिला तर मिशन दवाखान्यांमधून कित्येक पिढ्या मुली नर्सिंगला गेल्या. मिरज, जालना, नगर, वडाळा ही नावं आपल्या घरोघरी आत्या-मावश्यांच्या आठवणींत असतात. नर्सला रविवार नसतो. साथीच्या काळात तर नव्हताच, पण त्याआधी आणि नंतरही नसतो. ती नाइट ड्यूटी संपवून आठला घरी येते, साडेनऊच्या उपासनेला पोचणं तिला जमत नाही. तिच्या फोनवर दुपारी दोनला उपासना लागते, तेव्हा ती ‘सोय’ शोधत नसते. तसेच गुडघे गेलेले, अर्धांगवायू झालेले, पार्किन्सन्समुळे हात थरथरतो म्हणून लोकांसमोर बसायला लाजणारे, नवऱ्याला एकटं सोडता येत नाही म्हणून घरात अडकलेल्या बायका. या मंडळींना २०२० आधी काय होतं? काहीच नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांतून पाळकांची भेट, तीही पाळक कर्तव्यदक्ष असले तर. साथीने घरात कोंडलेल्या सगळ्यांना एकाच बाकावर बसवलं. साथ गेल्यावर आपण उठलो आणि ते तिथेच राहिले.

यात नवं असंही फार नाही. २ जानेवारी १९२१ला अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधून केडीकेए या रेडिओ केंद्राने पहिल्यांदा एक चर्चची उपासना प्रक्षेपित केली, म्हणजे रेडिओ जेमतेम जन्मला होता तेव्हाच. बीबीसीने १९२४च्या जानेवारीत लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स इथून तेच केलं. कॅथलिक परंपरेत तर आजारपणामुळे मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जाऊ न शकलेल्या संत क्लाराला खोलीच्या भिंतीवर मिस्सा दिसली अशी कथा आहे, आणि त्यावरून पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री संत ठरवलं. हे वाचून हसू येतं खरं, पण त्यात एक शहाणपण आहे: दूरवरून पाहण्याची जागा पहिल्यापासून आजाऱ्याची मानलेली आहे.

आगमनकाळाकडे येऊ. हा काळ पडद्याला सगळ्यात जास्त मानवतो, असं मला वाटतं. कापणीच्या सणात सगळं हातात असतं: धान्य, कोंबडी, पैसा. आगमनकाळात हातात काही नसतं. चार रविवार, जांभळं कापड, दर आठवड्याला एक मेणबत्ती जास्त, यशया या संदेष्ट्याची वचनं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची ओरड आणि ‘अजून नाही’ असं सांगणारी गाणी. जो अजून आलेला नाही त्याची वाट पाहायची. २०२०च्या त्या चार रविवारी घराघरांत स्टीलच्या ताटलीत मेणबत्त्या उभ्या करून लोक फोनसमोर बसले, तेव्हा ते नाटक वाटलं नाही. सगळेच कशाची ना कशाची वाट पाहत होते. लशीची, पगाराची, दवाखान्यातून येणाऱ्या फोनची. वचनं वाचणं, प्रार्थना करणं, थांबणं हे पडद्यावर होतं, नीट होतं. किंबहुना घरातल्या घरात मुलाने मेणबत्ती लावायची, आजीने वचन वाचायचं, हे चर्चमध्ये कधी होत नव्हतं. चर्चमध्ये मेणबत्ती लावायचा मान कुणाचा यावरून रुसवेफुगवे होतात. घरात तो सगळ्यात धाकट्याचा असतो.

पण ज्याची वाट पाहायची तो देह धारण करून येतो, हीच तर नाताळची बातमी. संदेश पाठवून भागलं असतं तर संदेष्टे पुरेसे होते. म्हणून आगमनकाळ पडद्यावर चालवता येतो आणि नाताळ येत नाही, असं मला वाटतं. आणि म्हणूनच प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एका मेजावर भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, प्रश्नावर मी माझ्या बऱ्याच तरुण मित्रांच्या विरोधात आहे. साथीच्या काळात अनेक मंडळ्यांनी ‘आपापल्या घरी भाकर आणि द्राक्षरस तयार ठेवा’ असं सांगून पडद्यावरून सहभागिता घेतली. व्हॅटिकनचं मत याच्या उलट होतं. १५ ऑगस्ट २०२०च्या पत्रात कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी लिहिलं की कोणतंही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाच्या तोडीचं नाही आणि शक्य होताच लोकांनी परत यावं. प्रॉटेस्टंटांमध्ये एकमत नव्हतं, ते असण्याची अपेक्षाही नको. १५२९च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मार्बुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे धर्मसुधारक याच मेजावरच्या ख्रिस्ताच्या उपस्थितीवरून भांडून उठले होते.

माझा आक्षेप आशीर्वाद वायफायवरून जातो की नाही हा नाही. देवाला नेटवर्कची अडचण नसावी. माझा आक्षेप मराठी मातीतला आहे. आपल्या मंडळ्यांचे बहुतेक पूर्वज महार आणि मांग वाड्यांतून आले, काही थोडे ब्राह्मण आणि मराठा घरांतून. ज्या गावात पाणवठा वेगळा, तिथे या लोकांनी एका पेल्यातून प्यायचं ठरवलं. ते सहज झालं नाही. जातीच्या सवयी बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाहीत, हे मिशनऱ्यांना आणि मंडळीला दोघांनाही लवकरच कळलं. पण मेज एकच राहिलं. तुमच्या शेजारी कोण गुडघे टेकणार हे तुम्ही ठरवत नाही, पेला कुणाच्या ओठांना लागून तुमच्याकडे येणार हेही नाही. आता बऱ्याच ठिकाणी चिमुकले वेगवेगळे पेले आले, साथीने उरलेल्या ठिकाणीही आणले असतील, तरी रांग एकच असते. घरी स्वतःच्या फडताळातला पेला, स्वतःची भाकर, शेजारी आपलीच माणसं: यात भक्ती असेल, पण जे मोडायला हे मेज मांडलं होतं ते कुठे मोडतं? आणि मेजावर माणूस घेत नाही, त्याला दिलं जातं. स्वतःच्या हाताने स्वतःला वाढून घेणं वेगळं.

मग अंथरुणाला खिळलेल्याने काय करायचं? याचं उत्तर इंटरनेटच्या खूप आधीचं आहे. साधारण इ. स. १५५च्या सुमाराला रोममध्ये जस्टिन नावाच्या शिक्षकाने ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते लिहून ठेवलं. वाचन होतं, प्रार्थना होतात, भाकर वाटली जाते, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे ती सेवकांच्या हाती पाठवली जाते. त्याच उपासनेत जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी यांना मदत होते. म्हणजे गैरहजर माणूस त्या उपासनेच्या हिशेबात होता. त्याच्या दारी कुणीतरी चालत जायचं. आपल्या मिशनच्या काळात बायबल वुमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका घरोघर जाऊन वचन वाचत, आजाऱ्याशेजारी बसत. त्यांच्या जागी आपण एक निळी अक्षरं असलेली लिंक ठेवली.

आता यावर पाळकांची बाजू. एका पाळकाकडे तीन-चार गावं असतात, पगार वेळेवर येतोच असं नाही, त्यात आता तांत्रिक काम. आणि त्यांची एक खरी भीती आहे जी शहरातल्या लोकांना कळत नाही. ऑनलाइन उपासनेचा फायदा सगळ्यात जास्त कुणाला झाला? मोठ्या शहरातल्या, चार कॅमेरे आणि स्वतःचा बँड असलेल्या मंडळ्यांना. गावातला तरुण आता मुंबईचा किंवा केरळचा झगमगीत संदेश ऐकतो, मग आपल्या पाळकांचा संदेश त्याला कंटाळवाणा वाटतो, आणि त्याचं दानही तिकडच्या क्यूआर कोडवर जातं. तिकडचा वक्ता त्याच्या बापाला पुरायला येणार नाही. म्हणून मी म्हणतो ती ऑनलाइन उपासना आपल्याच मंडळीची, आपल्याच येऊ न शकणाऱ्यांसाठी असली पाहिजे. ती दिसायला साधी असली तरी चालेल. हजार अनोळखी प्रेक्षक मिळवणं हे तिचं काम नाही. शिवाय उघड्या लिंकचा एक त्रास असा की उपासनेतला दहा सेकंदांचा तुकडा कापून त्यावर भलताच मथळा चिकटवून फिरवणं आता पोरखेळ झालाय; लहान गावातल्या मंडळीने ती जोखीम का घ्यावी? बंद गट ठेवा, नावानिशी ठेवा.

नावानिशी ठेवलं की बाकीचं आपोआप लागतं. आमच्याकडे एक आजी आहेत, वय नव्वदीच्या घरात. त्यांचा स्मार्टफोन म्हणजे नातवाचा फोन, आणि नातू रविवारी क्रिकेटला जातो. महिनाभर त्या ‘ऑनलाइन उपस्थित’ म्हणून कुणाच्या तरी यादीत होत्या, प्रत्यक्षात फोन मैदानावर होता. मग महिला मंडळातल्या एका बाईंनी साधा उपाय काढला: उपासना सुरू झाली की आजींच्या साध्या बटणांच्या फोनवर कॉल लावायचा आणि आपला फोन पुढच्या बाकावर उताणा ठेवायचा. आवाज जेमतेम येतो. पेटी घसा बसल्यासारखी वाजते. पण आजी त्यांच्या वेळेला गातात, आणि एकदा मधल्या शांततेत त्यांचा आवाज त्या फोनमधून सगळ्यांना ऐकू आला, एक ओळ मागे, तरी कुणी फोन बंद केला नाही. पाळकांनी दुसरं कडवं परत घ्यायला लावलं. यूट्यूबवर ‘पाहणाऱ्यांची संख्या’ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

या वर्षीच्या आगमनकाळासाठी कमिट्यांनी बसून एवढं ठरवलं तरी पुष्कळ. येऊ न शकणाऱ्यांची यादी करा, त्यात ड्यूटीवरच्या नर्सेस आणि रात्रपाळीचे वॉचमन धरा, फक्त म्हातारे नकोत. चार रविवारी चार वाचनं त्यांच्यापैकी चौघांनी घरून करावीत. ध्वनिमुद्रण पाठवलं तरी चालेल, पण आवाज त्यांचा हवा, म्हणजे ते नुसते प्रेक्षक राहणार नाहीत. त्या दिवशी प्रभुभोजन असेल तर संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या घरी पोचलं पाहिजे, आणि पाळकांबरोबर मंडळीतले दोघे-तिघे असावेत, म्हणजे खाटेशेजारी का होईना रांग लागते. कापणीच्या सणाला लिंक पाठवून थांबू नका, तरुण संघाला टेम्पो घेऊन त्यांच्या दारी धाडा. ज्यांना यायचं नाही जमत त्यांच्याकडेही परसातली कढीपत्त्याची जुडी असते, ती लिलावात येऊ द्या. कॅरल गाणाऱ्या पोरांनी नेहमीच्या चहा-केक देणाऱ्या घरांच्या आधी ही घरं घ्यावीत.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या जवळच्या एका मंडळीच्या अंदाजपत्रकात इंटरनेट, तिपाई आणि मायक्रोफोन यांच्यासाठी एक ओळ आहे आणि ती रक्कम दरवर्षी बिनविरोध मंजूर होते. घरभेटींच्या पेट्रोलसाठी ओळच नाही. पाळकांनी ते आपल्या खिशातून घालायचं, असं गृहीत आहे. येत्या सभेत कुणीतरी उभं राहून ती दुसरी ओळ घालायला लावावी, आणि तिच्यासमोरचा आकडा पहिल्या ओळीपेक्षा मोठा असावा असा ठराव मांडावा. अनुमोदन मी देतो.